मशीनचा डोळा, माणसाची सही

'गाठीचा तुकडा तपासायला पाठवलाय' हे वाक्य ज्या घरात उच्चारलं जातं, त्या घरातले पुढचे आठ-दहा दिवस कसे जातात ते बाईमाणसाला वेगळं सांगायला नको. डबे भरले जातात, धुणीभांडी होतात, पण जीव सगळा त्या एका कागदात अडकलेला असतो.

माझ्या मावसबहिणीच्या घरी मी हे दिवस काढलेत. निफाड तालुक्यातलं गाव, द्राक्षांचा हंगाम ऐन भरात आणि हिच्या छातीत गाठ. जवळच्याच एका छोट्या दवाखान्यात ती काढली आणि बाटलीत घालून लॅबला पाठवली. दहा दिवसांनी उत्तर आलं, 'नमुना खराब झाला आहे, निदान करता येत नाही.' गाठ फॉर्मॅलीनऐवजी साध्या सलाइनमध्ये ठेवली होती! पुन्हा तुकडा काढावा लागला आणि तो कॅन्सरचा निघाला. आज ती उपचार घेऊन बरी आहे. पण मधला महिना वाया गेला तो गेलाच.

परवा तिची लेक मला म्हणाली, "मावशी, आता या काचा कॉम्प्युटर वाचतो म्हणे. मग आईसारखं कुणाचं व्हायचं नाही ना?" पोरीचा प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला मला थोडं थांबावं लागलं.

काच वाचतात म्हणजे काय, ते आधी बघू या. गाठीचा तुकडा फॉर्मॅलीनमध्ये टिकवतात, मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. त्या ठोकळ्याचा इतका पातळ काप काढतात की एका मिलिमीटरचे अडीचशे भाग करावेत आणि त्यातला एक घ्यावा! तो काचेवर ठेवून रंगवतात. पेशींची केंद्रं निळी-जांभळी दिसतात, बाकीचा भाग गुलाबी. मग पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली डोळे लावून बसतात. एका काचेवर पेशी लाखांनी असू शकतात, आणि त्यातला एखादा लहानसा पुंजका निसटू द्यायचा नसतो.

नव्या पद्धतीत हीच काच स्कॅनरमध्ये घालतात. तिचं भलंमोठं चित्र कॉम्प्युटरवर येतं आणि प्रोग्राम ते इंच इंच तपासतो. संशयाची जागा दाखवतो, पेशी मोजतो. हे मोजणं फार कामाचं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये 'हर-टू' नावाची तपासणी असते, तिचा निकाल शून्य ते तीन अशा आकड्यात येतो. महागडं औषध द्यायचं की नाही, हे बऱ्याचदा त्यावर ठरतं. दमलेल्या डोळ्यांनी केलेल्या मोजणीत दोन डॉक्टरांचं उत्तर वेगळं येऊ शकतं. मशीन दमत नाही.

२०१७ साली 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एका स्पर्धेचा निकाल छापून आला होता. स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या लसिका ग्रंथींच्या १२९ काचा होत्या. ११ पॅथॉलॉजिस्टना रोजच्या कामात मिळतो तसा मोजकाच वेळ दिला, तेव्हा सर्वांत चांगला प्रोग्राम त्यांच्याहून सरस ठरला. पण ज्या एका डॉक्टरांना वेळेचं बंधन नव्हतं, त्यांनी सुमारे ३० तास घालवून मशीनची बरोबरी केली. म्हणजे डॉक्टरांचं ज्ञान कमी पडत नव्हतं, कमी पडत होता तो वेळ. आपल्या जिल्ह्या-तालुक्यांत पॅथॉलॉजिस्टपुढे काचांची चळत किती असते, याची कल्पना केलेली बरी.

आणि हे काही परक्या मुलखातलंच नाही बरं का! अभी घोलप आणि मोहन उत्तरवार यांनी सुरू केलेल्या 'बायोइमॅजिन' कंपनीचं मुख्यालय कॅलिफोर्नियात होतं, पण अशा प्रोग्रामवरचं बरंच काम पुण्यात होत असे. २०१० साली स्वित्झर्लंडच्या 'रोश'ने ती कंपनी सुमारे १० कोटी डॉलरना घेतली. मुंबईच्या टाटा मेमोरियलनेही रुग्णांच्या स्कॅनची आणि काचांची चित्रं साठवायचं काम हाती घेतलं आहे. हे महत्त्वाचं आहे. कारण मशीन शिकतं ते दाखवलेल्या चित्रांवरून, आणि प्रत्येक लॅबमधला रंग थोडा वेगळा उतरतो. परदेशातल्या काचांवर शिकलेलं मशीन आपल्याकडच्या काचेपुढे गडबडू शकतं.

आता लेकीच्या प्रश्नाकडे येते. सलाइनमध्ये कुजलेली गाठ कोणतंही मशीन वाचू शकत नाही. पीठच खराब असेल तर सुगरणीने तरी काय करावं? तिच्या आईची चूक झाली होती ती बाटलीत, काच बनायच्या कितीतरी आधी.

दुसरी गोष्ट सहीची. लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं. मशीन आलं म्हणून ही जबाबदारी सैल होता कामा नये. मशीनने खूण करावी, डॉक्टरांनी ती तपासावी आणि मगच सही करावी. उद्या रिपोर्ट चुकला तर जाब विचारायला समोर माणूस नको का?

म्हणून सांगते, घरात कुणाची गाठ काढायची असेल तर तीन गोष्टी विचारा. तुकडा फॉर्मॅलीनमध्ये ठेवणार ना, आणि बाटलीवर नाव लिहिलंय ना? रिपोर्टवर सही कोणत्या पॅथॉलॉजिस्टची आहे? आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायची वेळ आली तर काचा आणि मेणाचा ठोकळा परत मिळेल ना? मोठ्या रुग्णालयात तेही मागतात, तेव्हा रिपोर्टच्या फाइलबरोबर तेही जपून ठेवा. असं विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. चांगले डॉक्टर उलट कौतुकच करतील.

एक मागणी सरकारकडेही आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशकातच आहे. नवीन डॉक्टरांना मशीनवर काच वाचायला शिकवाच, पण तालुक्याच्या दवाखान्यातल्या नर्सताईंना आणि मदतनिसांनाही नमुना कसा ठेवायचा याचे धडे द्या. आणि सुरगाण्याच्या किंवा पेठच्या बाईची काच दाखवायला घरच्यांना मुंबईला खेटे घालावे लागण्यापेक्षा त्या काचेचं चित्रच मुंबईला जाऊ द्या. एवढं झालं तरी मशीनचे पैसे वसूल झाले म्हणायचे.

माझी मावसबहीण आता गावात कुणाच्या घरी ऑपरेशन निघालं की स्वतःहून जाते. चहा घ्यायच्या आधी विचारते, "बाटलीत काय घालणार आहेत, ते विचारलंत का?"