हिब्रूचा धाक कुणाला दाखवता?

'मूळ हिब्रूत असं आहे' एवढं म्हटलं की समोरच्याची बोलती बंद होते, हे आमच्या बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या काही उपदेशकांना पक्कं कळलंय. मोबाइलमध्ये बायबलमधल्या शब्दांना आकडे देणारी स्ट्राँगची शब्दसूची. आकडा ३६७, शब्द 'एमा', अर्थ दहशत. झालं! देवाची दहशत, नवरा घरातला देव, म्हणून बाईने त्याच्या दहशतीत राहायचं. आकड्यावरून उडी थेट चुलीपुढे! एका सभेत हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. दिवसभर खुरपून आलेल्या बाया पुढच्या रांगेत माना खाली घालून बसल्या होत्या. माझं टाळकंच सरकलं.

अहो विद्यावाचस्पती, ती सूची १८९० सालची. कोणता शब्द कुठे आलाय ते शोधायला केलेली. मग शोधा की! उत्पत्तीत गाढ झोपलेल्या अब्रामावर किर्र काळोखासोबत एमा कोसळते. यहोशवात राहाब सांगते, इस्राएल आले तशी आख्ख्या मुलखाला एमा बसली. म्हणजे धडकी भरली. नीतिसूत्रांत राजाची एमा आहे, तो दरारा. ईयोबात ती लढाईच्या घोड्याच्या फुरफुरण्यात आहे. तिथे 'दहशत' खुपसणाऱ्याने उधळता घोडा जवळून पाहिलेलाच नाही. यिर्मयात तिचं अनेकवचन चक्क मूर्तींसाठी येतं. आणि त्याच धातूतलं 'अयुम्मा' हे विशेषण गीतरत्नात कुणाला लावलंय? प्रेयसीला! निशाणं फडकवत निघालेल्या फौजेसारखी ती, बघणाऱ्याची छाती दडपावी अशी. नवऱ्याची दहशत हुडकायला गेलात आणि हाती लागली बाईची जरब.

उसात बिबट्या दिसला की दहशत, कारखान्याच्या चेअरमनचा दरारा, मास्तरांचा धाक, सावकाराची धास्ती. हा फरक इथल्या शेंबड्या पोराला कळतो. तुम्हाला कळत नाही, की कळून घ्यायचा नाही?

केडगाव काय लांब आहे? शेजारच्या दौंड तालुक्यात. कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेल्या पंडिता रमाबाई तिथे उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आमच्या बारामतीच्या मोरोपंतांसारखी संस्कृतप्रचुर मराठी त्यांना सहज लिहिता आली असती. ती त्यांनी मुद्दाम टाकली, कारण त्यांच्या तिथल्या मुक्ती मिशनमधल्या, दुष्काळातून वाचलेल्या पोरीबाळींना बायबल स्वतः वाचून कळायला हवं होतं. वर्षानुवर्षं खपून सगळा ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. १९२२ साली बाई गेल्या. १९२४ साली ते बायबल बाहेर पडलं, मुक्तीच्याच छापखान्यातून, तिथल्याच बायकांच्या हातून. बायकांना वाचता यावं म्हणून एक बाई हिब्रू शिकली, आणि तुम्ही त्याच हिब्रूचा एक आकडा घेऊन बायकांना गप्प बसवता? लाज वाटू द्या!

बायांनो, पुढच्या सभेत तो ३६७ निघाला की उठून उभ्या राहा. कोणत्या पुस्तकात, कितव्या अध्यायात, विचारा. आणि म्हणावं, मागची-पुढची वचनंही मोठ्यानं वाचा.