फुकट मिळणारी विद्या



‘फुकट ते पौष्टिक’ असे आपल्याकडे थट्टेने म्हणतात. त्या थट्टेमागे एक शंका दडलेली असते. ज्या वस्तूसाठी दाम मोजावा लागला नाही, तिची कदर मनुष्य करतो काय? संगणकाला आज्ञा देण्याची विद्या, म्हणजेच प्रोग्रॅमिंग, इंटरनेटवर विनामूल्य शिकता येते, हे प्रथम कानी आले तेव्हा माझ्याही मनात हीच शंका आली होती. पुढे मी स्वतः त्या विद्येचे काही धडे गिरविले आणि माझे मत पालटले. मात्र ते पूर्णपणे पालटले, असे म्हणवत नाही.

प्रथम या विद्येचे दाते कोण, ते पाहा. पायथॉन ही संगणकाची भाषा गिडो व्हान रोसम या डच गृहस्थाने १९९१ साली सर्वांना खुली केली. (तिचे नाव अजगरावरून नव्हे, तर एका विनोदी इंग्रजी दूरदर्शन-मालिकेवरून ठेवलेले आहे!) ती कोणीही विनामूल्य घ्यावी, तिची रचना उघडून पाहावी आणि हवा तर तीत बदलही करावा. लहान मुलांसाठी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००७ साली स्क्रॅच ही भाषा दिली. तीत रंगीत ठोकळे एकमेकांस जोडून आज्ञावली रचता येते. आपल्या मुंबईच्या आयआयटीने तर ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमात छोटे छोटे ध्वनिचित्रपाठ तयार केले असून त्यांपैकी अनेक मराठीतही ऐकावयास मिळतात. ज्या मुलाच्या वडिलांना शहरातील क्लासची फी झेपत नाही, त्याच्यासाठी हे दान लहान नव्हे.

मग माझी शंका उरते कोठे? सांगतो. पायथॉनमध्ये १ ते १०० या अंकांची बेरीज करण्याची आज्ञावली मी लिहिली. ‘रेंज’ या शब्दापुढे कंसात १ आणि १०० असे आकडे घातले. संगणकाने क्षणार्धात उत्तर दिले, ४९५०. त्याने काहीही तक्रार केली नाही, लाल अक्षरांत चूकही दाखविली नाही. परंतु १ आणि १०० मिळून १०१, २ आणि ९९ मिळूनही १०१, अशा ५० जोड्या होतात. म्हणजे बेरीज ५०५० हवी. शंभर गेले कोठे? त्या भाषेत ‘रेंज’मधील शेवटचा अंक मोजलाच जात नाही, तेथे १०१ लिहावयास हवे होते. अंकगणित मला येत नसते, तर ते चुकीचे उत्तर मी आनंदाने वहीत उतरवून घेतले असते.

एकलव्यापुढे मातीची मूर्ती होती. ती त्याला शाबासकी देत नव्हती, की त्याची चूकही सांगत नव्हती. बाण कोठे लागला, हे त्याने स्वतःच जाऊन पाहावयाचे. विनामूल्य पाठांचेही तसेच आहे. (येथे कोणी अंगठा मागत नाही, एवढे मात्र बरे!) दिवसभर पाठ पाहत बसणारा मुलगा विहिरीच्या काठावर उभा राहून पोहणे शिकू पाहतो. म्हणूनच मुंबईच्या त्या उपक्रमात, पडद्याच्या एका बाजूस पाठ आणि दुसऱ्या बाजूस आपले काम, अशी पद्धत सांगितली आहे. पाठातील गुरुजी जे करतील, ते तेथल्या तेथे आपणही करून पाहावयाचे. ती मला फार आवडली. दुसऱ्याची आज्ञावली जशीच्या तशी उचलणे मात्र शेजाऱ्याच्या वहीतील गणित उतरविण्यासारखेच आहे.

आणखी एक अडचण आहे, आणि तिचा दोष मुलांकडे नाही. विद्या फुकट असली, तरी संगणक फुकट मिळत नाही. पुष्कळ मुलांना शाळेतील संगणककक्षाचाच आधार असतो, आणि त्या कक्षाला बहुधा कुलूप असते. यंत्रे बिघडतील, या भीतीने किल्ली स्वतःच्या खणात ठेवणारे मुख्याध्यापक मी पाहिले आहेत. काही वर्षे मीही त्यांतलाच एक होतो. वापरून बिघडलेले यंत्र दुरुस्त करता येते. धूळ खात जुने झालेले यंत्र मात्र कोणाच्याच उपयोगी पडत नाही, हे मला उशिरा उमगले.

तुमच्या शाळेत तो कक्ष बंद राहत असेल, तर चौघे-पाच जण मिळून गुरुजींकडे जा आणि शाळा सुटल्यानंतरचा एक तास मागून घ्या. जाताना १ ते १०० च्या बेरजेची आज्ञावली वहीत लिहून न्या. ती लिहावयास संगणक लागत नाही.