आकाशातून बेटे मोजणाऱ्यांस

एका दिवाळी अंकातला प्रवासलेख आम्ही मांडवीच्या जेट्टीवर बसून वाचला. अंकाचे नाव घेत नाही, कारण दोष एका अंकाचा नाही. लेखकाने स्नेह्यांसमवेत छोटे विमान भाड्याने घेतले आणि नऊ दिवसांत कॅरिबियन समुद्रातली सात बेटे केली. 'केली' हे क्रियापद त्याचेच. लेखात समुद्राच्या निळाईच्या पाच छटा आहेत, प्रत्येक धावपट्टीची लांबी आहे, न्याहारीचे पदार्थ आहेत आणि सूर्यास्त तर सातही आहेत. नाही ते एवढेच, की त्या सात बेटांवरचे एकही माणूस लेखात नावानिशी येत नाही आणि एकही माणूस बोलत नाही. जी माणसे येतात ती सामान उचलतात, पेला भरतात आणि 'कायम हसतमुख' असतात. लेखाच्या अखेरीस लेखकाला कोकणाची आठवण होते. आपल्या किनाऱ्यावरही जागोजागी अशा धावपट्ट्या झाल्या, तर आपले कॅरिबियन आपल्याच दारी येईल, असा दिलासा तो देतो.

समोर भाट्याच्या खाडीचे मुख होते, उजवीकडे रत्नदुर्गाचे टोक, पायाखाली मांडवीची काळी वाळू. आमच्यापैकी दोघे महाविद्यालयात मराठी शिकवतात. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार त्यांना दरवर्षी वर्गात समजावून द्यावा लागतो. म्हणून हा प्रश्न आम्हांला केवळ अभिरुचीचा वाटत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करू. कोणी स्वतःच्या पैशाने विमान भाड्याने घ्यावे की घेऊ नये, हा आमचा विषय नाही. विमानालाही आमची हरकत नाही. हरकत आहे ती 'खाजगी' या विशेषणाला, आणि तीही वाङ्मयाच्या अंगाने. प्रवासी जोवर दुसऱ्याच्या वेळापत्रकावर, दुसऱ्याच्या भाषेवर, दुसऱ्याच्या दयेवर थोडातरी अवलंबून असतो, तोवरच प्रवासवर्णनाला आशय मिळतो. ज्या प्रवासात कोणाचीच वाट पाहावी लागत नाही, त्यात कोणी भेटतही नाही. मग वर्णन उरते ते वर्णन करणाऱ्याचेच.

त्या लेखाची भाषा पाहा. बेट म्हणजे पाचू, बेटांची रांग म्हणजे मोत्यांची माळ, किनारा म्हणजे रुपेरी किनार. उपमाने सगळी जवाहिऱ्याच्या पेढीवरची. हे काही योगायोगाने घडत नाही. हजारो फुटांवरून माणूस दिसत नाही, आकार आणि रंग तेवढे दिसतात; आणि आकार व रंग एवढेच हाताशी असले की लेखणी आपोआप दागिन्यांकडे वळते. दागिना विकत घेता येतो, अंगावर मिरवता येतो आणि तो उलट प्रश्न विचारत नाही. उपमा ही लेखकाच्या उभे राहण्याच्या जागेची साक्ष असते, हे आपण अलंकार शिकवताना सांगत नाही. सांगायला हवे.

ज्यांच्या घरांना हे लेखक पाचू म्हणतात, त्यांनी याचे उत्तर केव्हाच दिले आहे. अँटिग्वात जन्मलेल्या जमैका किनकेड यांचे 'अ स्मॉल प्लेस' हे छोटेखानी पुस्तक १९८८ साली आले. त्याचा आरंभच विमानातून उतरणाऱ्या पर्यटकाला 'तू' म्हणून संबोधत होतो. इथे पाऊस नाही, सुट्टी छान जाईल, म्हणून तो पर्यटक खूश असतो. पाऊस नसणे म्हणजे बेटावरच्यांना पाणी नसणे, हे त्याच्या मनाला शिवत नाही. हे वाचताना रत्नागिरीच्या माणसाला कॅरिबियन नकाशात शोधावे लागत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात मे महिन्यात वाड्यावाड्यांवर टँकर फिरतात, आणि नेमका तोच महिना पर्यटकांच्या लेखी कोकणाचा 'सीझन' असतो.

सेंट लुशियाचे डेरेक वॉलकॉट यांना १९९२ साली नोबेल मिळाले. त्यांचे नोबेल व्याख्यान सुरू होते ते त्रिनिदादमधल्या फेलिसिटी नावाच्या गावातून. ऊसमळ्यांवर मजुरीसाठी नेलेल्या भारतीयांचे वंशज तिथे रामलीला करत असतात. हे एक नाटक चालले आहे, असे वॉलकॉटना प्रथम वाटते. नंतर ते स्वतःची चूक कबूल करतात: तिथल्या मुलांसाठी ते नाटक नव्हते, श्रद्धा होती. शेजारच्या बेटावर जन्मलेला एवढा मोठा कवीसुद्धा 'मी चुकीचे पाहिले' असे जगासमोर म्हणतो. आमच्या नऊ दिवसांच्या प्रवाशाला मात्र एकदाही, एका वाक्यापुरतीही, शंका आली नाही. आम्हांला त्याच्या श्रीमंतीपेक्षा ही निःशंकता अधिक सलते.

आणि धावपट्टीही काही निष्पाप नसते. मस्टीक हे बेट १९५८ साली कॉलिन टेनंट या एका ब्रिटिश धनिकाने विकत घेतले आणि पुढे तिथला एक भूखंड राजकन्या मार्गारेटला लग्नाचा आहेर म्हणून दिला. बेट आहेरात देता येते, ही कल्पनाच त्या नकाशाविषयी पुष्कळ सांगते. बार्बुडाची गोष्ट अधिक अलीकडची. त्या बेटावरची जमीन पिढ्यान्‌पिढ्या सामाईक मानली गेली. २००७ च्या कायद्याने त्या रिवाजावर शिक्कामोर्तबही केले. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळाने बेट उद्ध्वस्त झाले आणि सर्व रहिवाशांना अँटिग्वाला हलवण्यात आले. माणसे अजून परतायची होती, तोच तिथे नव्या विमानतळासाठी जमीन सपाट करणे सुरू झाले. दोन रहिवासी न्यायालयात गेले. त्यांना दाद मागण्याचा अधिकार आहे की नाही, एवढ्याच मुद्द्यावर प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचले आणि २०२४ साली निकाल रहिवाशांच्या बाजूने लागला. तोवर धावपट्टी झालेलीच होती. अशा धावपट्टीवर उतरणाऱ्याने तिची लांबी जरूर लिहावी. पण ती कोणाच्या अंगणातून गेली, हेही लिहावे.

आता मांडवीकडे येऊ. रस्ते आणि रेल्वे येण्यापूर्वी कोकण ही माणसांच्या लेखी एक बेटांची रांगच होती. खाड्यांनी तोडलेली गावे एकमेकांना बांधली ती आगबोटीने. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि पुढे पणजी, हा आमचा बंदरांवरून बंदरांवर जाण्याचा प्रवास. बोट खोल पाण्यात उभी राही, उतारू पडावातून किनाऱ्याला येत. डेकवर चाकरमानी, माहेरवाशिणी, आंब्याच्या पेट्या, आजारी म्हातारे, सगळे एकाच वाऱ्यात. पावसाळ्यात वाहतूक बंद, म्हणजे चार महिने मुंबईचा मुलगा फक्त पत्रातून भेटायचा. त्या प्रवासात निसर्गसौंदर्य होतेच, पण ते बघायला शेजारी कोणीतरी असे आणि त्या शेजाऱ्याला उलटी होत असे.

आम्ही आगबोटीचे गहिवर काढत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. हे ज्याला ठाऊक आहे त्याने बोटीचे गोडवे गाऊ नयेत. शिवाय बोटीने गेल्याने दृष्टी आपोआप स्वच्छ होते असेही नाही. व्ही. एस. नायपॉल यांचे १९६२ चे 'द मिडल पॅसेज' स्थलांतरितांच्या बोटीवरच सुरू होते, तरी आपल्याच बेटांविषयीचा तुच्छतेचा सूर त्यातून लपत नाही. मात्र नायपॉलना माणसे दिसतात, ती बोलतात, आणि म्हणूनच वाचकाला नायपॉलशी भांडता येते. सात सूर्यास्तांशी भांडायचे कसे?

मराठी प्रवासवर्णनाचा पूर्वेतिहास पाहिला, तर तो अवलंबून असणाऱ्यांचाच आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने पायी उत्तरेकडे निघाले आणि सत्तावनच्या धामधुमीत सापडले. लुटले गेले, उपाशी राहिले, अनोळखी माणसांच्या ओसरीवर निजले. त्यातून 'माझा प्रवास' हे पुस्तक मराठीला १९०७ मध्ये मिळाले. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली अमेरिकेचे प्रवासवृत्त लिहिले, त्याच्या शीर्षकात 'लोकस्थिती' हा शब्द प्रवासाच्या आधी येतो. हा क्रम आम्हांला महत्त्वाचा वाटतो. आधी लोक, मग प्रवास. आजच्या लेखात लोक शेवटी, तेही आभारापुरते.

आणि ज्यांना प्रवास नको असतानाही करावा लागला, त्यांचे काय? ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८६ साली कैदी म्हणून रत्नागिरीत आणला गेला आणि १९१६ साली इथेच वारला. ज्या समुद्राचे आपण थिबा पॉइंटवरून फोटो काढतो, त्याच्या लेखी तो तुरुंगाची भिंत होता. त्याआधी, १८३४ पासून, मॉरिशसच्या ऊसमळ्यांसाठी भारतातून मजूर जाऊ लागले होते. त्यांत मराठी मुलखातली, रत्नागिरीकडची माणसेही होती आणि त्यांचे वंशज आजही तिथे आपली मराठी ओळख सांगतात. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ती माणसे उतरली, तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा ठरला. म्हणजे बेटांचा आणि आपला संबंध पर्यटनाने जुळलेला नाही, तो घामाने जुळलेला आहे. तारकर्लीला 'आपले मॉरिशस' म्हणणाऱ्या जाहिरातीला हे ठाऊक नसते. साहित्याच्या माणसाला ठाऊक असायला हवे.

इथे आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो सबळ आहे. उंचीवरून काही गोष्टी अधिक चांगल्या दिसतात, हे खरे नाही का? खरे आहे. याच जिल्ह्यातली कातळशिल्पे हे त्याचे उदाहरण. कशेळीच्या सड्यावरचा प्रचंड हत्ती जमिनीवर उभे राहून एका नजरेत मावत नाही. तो पुरता दिसतो वरूनच. पण तो सापडला कसा? सुधीर रिसबूड, मनोज मराठे आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे सडे तुडवत, गुराख्यांना आणि गावकऱ्यांना विचारत फिरले, तेव्हा ही शिल्पे एकेक करून उजेडात आली. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे ही स्थळे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. नुसते वरून पाहणाऱ्याला हा कातळ ओसाडच वाटत होता, आणि ओसाड जमीन म्हटली की प्रकल्पाचा नकाशा तिच्यावर सहज पसरता येतो. २०२३ मध्ये बारसूत लोक रस्त्यावर उतरले ते आपली जमीन ओसाड नाही हे सांगायलाच. उंची नजरेला उपयोगी आहे, पण आधी पायांनी आणि कानांनी आपले काम केलेले असेल तरच.

त्याच देवाचे गोठणे गावाचे नाव माधव कोंडविलकरांच्या १९७९ सालच्या 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' या पुस्तकावर आहे. हिरव्या कोकणात दलित मास्तराच्या वाट्याला काय येते, हे ज्याला पाहायचे आहे त्याने ते वाचावे. आकाशातून त्या गावाची वाडी आणि दुसरी वाडी यांतले अंतर दिसत नाही. ते अंतर फुटांत नसते.

'प्रवासवर्णन आनंदासाठी असते, तुम्ही त्याच्यावर समाजशास्त्र लादता,' असेही कोणी म्हणेल. आनंदाला आमचा विरोध कसा असेल? पण आनंद भेटीतून येतो, तसा मालकीतूनही येतो, आणि दोन्हींची वाक्ये वेगळी असतात. पहिल्या प्रकारच्या वाक्यात कर्ता अधूनमधून बदलतो. दुसऱ्यात तो अखेरपर्यंत 'मी'च राहतो. शंका असेल त्याने हाताशी असलेल्या कोणत्याही प्रवासलेखातले कर्ते मोजून पाहावेत. व्याकरण खोटे बोलत नाही.

म्हणून अध्यापक मित्रांना आमची विनंती आहे. प्रवासवर्णनाच्या प्रश्नपत्रिकेत 'लेखकाची निसर्गवर्णनाची शैली स्पष्ट करा' हा प्रश्न काही वर्षे विश्रांतीला पाठवा. त्याऐवजी विचारा: या लेखात कोण बोलते, कोणाला नाव आहे, लेखकाला कोणाची वाट पाहावी लागली, आणि तो कुठे चुकला? विद्यार्थ्यांना आमचे सांगणे याहून सोपे आहे. एका संध्याकाळी मांडवीला या. सूर्यास्त पाहा, तो फुकट आहे. मग वही मिटा आणि मिरकरवाड्यावर जाऊन जाळे विणणाऱ्या कोणा काकांजवळ बसा. यंदा मासळी कशी आहे, एवढेच विचारा. ते लगेच बोलणार नाहीत. त्यांचे हातातले काम संपेपर्यंत तुम्हांला थांबावे लागेल.