व्हायचं नव्हतं, मी केलं

आमच्या कचेरीत पूर्वी एक बेने इस्रायल गृहस्थ होते. मूळचे अलिबागकडचे, बोलणे अस्सल कोकणी वळणाचे. एका सप्टेंबरात, मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाल्यावर, ते माझ्या टेबलाशी आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तुमच्या बढतीच्या वेळी मी वरिष्ठांपाशी तुमच्याविषयी वाकडा शब्द बोललो होतो. माफी मागायला आलोय."

बढती हुकल्याचा सल ताजा होता. तरी मोठेपणाचा आव आणून मी म्हणालो, "जाऊ द्या हो! व्हायचं होतं ते झालं."

"व्हायचं नव्हतं," ते म्हणाले, "मी केलं."

या उत्तरामागे केवढे शास्त्र आहे ते मला फार उशिरा कळले. ज्यू लोकांचे नवे वर्ष, रोश हशाना, पुष्कळदा आपल्या घटस्थापनेच्या आसपास येते. त्याच्या आधीचा एलूल महिना स्वतःचा हिशेब तपासण्याचा. (दिवाळीत आपणही वह्या पूजतो, पण जिभेने केलेले व्यवहार त्यांत कोण लिहितो?) पश्चात्तापाला हिब्रूत 'तेशुवा' म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ परत फिरणे.

कॉर्डोव्हात जन्मलेला आणि १२०४ साली इजिप्तमध्ये वारलेला मैमोनिडीस हा थोर वैद्य आणि धर्मशास्त्री. त्याने पश्चात्तापावर दहा प्रकरणे लिहिली आणि त्यांच्या मध्यावर इच्छास्वातंत्र्याचा विषय घातला. ही जागा मला फार मार्मिक वाटते. माणूस सज्जन की दुर्जन हे जन्मतःच ठरले असेल, तर शिक्षा कशाची आणि शाबासकी तरी कशाची? ज्योतिष्यांनाही तो तिथेच फटकारतो. आपण मात्र चुकलो की आधी पत्रिका काढतो आणि साडेसातीच्या माथी खापर फोडून मोकळे होतो!

खऱ्या पश्चात्तापाची त्याची कसोटीही मोठी कडक. तीच संधी पुन्हा यावी, अंगात तीच ताकद असावी, आणि तरी माणसाने हात आवरावा. दात पडल्यावर चणे सोडणाऱ्याला तो अगदीच परत पाठवीत नाही, एवढेच. देवाचा अपराध देवापाशी मिटतो. पण माणसाचा केलेला अपराध योम किप्पूरच्या कडकडीत उपासानेही धुतला जात नाही. त्या सणाला आपल्याकडचे बेने इस्रायल 'दारफाळणीचा सण' म्हणत आले. दारे लावण्याआधी ज्याला दुखावले त्याच्या दारी जायचे. तो ऐकत नसेल तर तिघांना बरोबर नेऊन पुन्हा जायचे, असे तीनदा. तरीही त्याने माफ केले नाही, तर मग दोष त्याचा.

आमचे गृहस्थ आठवड्याने पुन्हा आले होते. माझे 'जाऊ द्या' म्हणजे माफी नव्हे, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. मी फायलीत डोके खुपसून "नंतर बोलू" म्हणालो. पुढे ते सहकुटुंब इस्रायलला गेले.

एक गोष्ट मी त्यांना कधीच सांगितली नाही. त्याच वर्षी चहाच्या टेबलावर त्यांच्याविषयी मीही एक खोटे बोललो होतो, आणि ते पसरलेही होते.

त्यांचा पत्ता परवा मिळाला. दिवाळीचे भेटकार्ड आणले होते, ते बाजूला ठेवून साधा कागद घेतला आहे. 'सप्रेम नमस्कार' लिहून झाले. पुढे 'माझ्या हातून झाले' असे लिहिले होते. ते खोडून 'मी केले' असे लिहिले.