गर्दीचा दोष रुग्णांना का?



साध्या तापाखोकल्यासाठी लोक नाशिकच्या सिव्हिल रुग्णालयाच्या अपघात विभागात गर्दी करतात, ही एका पत्रलेखकाची तक्रार वाचली. गर्दीमुळे गंभीर रुग्ण खोळंबतो हे खरेच. पण लोकांना बेशिस्त ठरवणे मला पटले नाही.

माझे पती अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहेत. सकाळच्या ओपीडीची रांग म्हणजे एक खाडा. गेल्या पावसाळ्यात मुलीला तापाने घेरले. जवळच्या दवाखान्यातून आम्हाला दोनदा परत पाठवले: रक्त तपासायची सोय नाही, सिव्हिलला जा. तिसऱ्यांदा रात्री साडेदहाला ताप चढला, तेव्हा रिक्षा थेट सिव्हिलकडेच वळवली. तिथे डॉक्टर होते, तपासणी झाली, औषधही मिळाले. दुसरी कुठली आई वेगळे वागली असती?

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. म्हणजे लहान दवाखाना निवडायला स्वस्ताईचेही कारण उरले नाही. उरतात वेळ आणि भरवसा. पेठ-सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यांत तर अंतरही. आदिवासी भागात २० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष. डोंगरातल्या पाड्यावरून तिथवर जाऊन डॉक्टर भेटले नाहीत, तर पुढच्या वेळी माणूस नाशिकचीच गाडी धरतो.

राज्य सरकारच्या ‘आपला दवाखाना’ योजनेत दुपारी २ ते रात्री १० ही वेळ ठरली, ती कामगारांच्या सोयीची आहे. ती प्रत्येक प्रभागात पाळली जावी आणि रक्ततपासणी तिथेच व्हावी, एवढी मागणी पत्रलेखकानेही आमच्यासोबत करावी.

— एक गृहिणी, सातपूर, नाशिक