घर सुधारले म्हणजे काय?

वैशाख लागला की जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि खानदेशातील कित्येक कुटुंबांत जुनाच वाद नव्याने पेटतो: वडिलोपार्जित धाब्याचे घर ठेवावे की पाडावे? सुधारणेचे कैवारी म्हणतात, मातीचे घर अंधारे, कोंदट आणि पावसाळ्यात गळणारे. ते पाडा, सिमेंटचा स्लॅब घाला आणि वातानुकूलन यंत्र बसवा. दोष खरे आहेत. उपाय मात्र आम्हांस मान्य नाही.

दीड-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत उतरेपर्यंत रात्र होते, आणि तोवर तिचा जोरही मोडलेला असतो. पौषात धुळ्यास पारा १० अंशांखाली जातो, तेव्हा हीच भिंत ऊब राखते. चार-पाच इंचांचा स्लॅब संध्याकाळीच तव्यासारखा तापून डोक्यावर बसतो. असली भिंत पैसे मोजून पाडावयाची आणि तिचा गारवा दरमहा विजेच्या बिलातून विकत घ्यावयाचा, यास सुधारणा म्हणावे काय? शिवाय यंत्र उष्णता नाहीशी करीत नाही, शेजाऱ्याच्या बोळात ओतते. आणि विजेसाठी भुसावळजवळ दीपनगरास कोळसा जळतो तो निराळाच.

पण आमचा मुख्य आक्षेप पुढेच आहे. हे यंत्र बसते कोठे? दिवाणखान्यात! स्वयंपाकघर मागल्या पडवीत पत्र्याखालीच राहते. भर उन्हाळ्यात कळण्याची भाकरी थापणाऱ्या गृहिणीच्या पुढे शेगडी आणि डोक्यावर तापलेला पत्रा. जुन्या घराचे गोडवे गाणाऱ्यांनीही तोरा मिरवू नये. त्या घराच्या भिंती लिंपता-सारवता कंबर मोडली ती बायकांचीच.

तेव्हा घर राखावे, पण जसेच्या तसे नव्हे. प्रथम गळती बंद करून छतावर पांढरा चुना द्यावा. समोरासमोर झरोके पाडून रात्रीचा वारा खेळवावा. स्वयंपाकघरावरचा पत्रा काढून धड छप्पर, धुराडे आणि पंखा द्यावा. आमची हवा कोरडी. वाळ्याचा ओला पडदा किंवा साधा कूलर येथे चांगले काम देतो. एवढे करूनही गरज उरली, तर यंत्र जरूर आणावे, आणि ते प्रथम वृद्धांच्या व आजाऱ्यांच्या खोलीत लावावे.

घर सुधारले की नाही, याचा निकाल ज्यास द्यावयाचा असेल, त्याने मे महिन्यात भर दुपारी अर्धा तास शेगडीपुढे उभे राहावे आणि मग बोलावे.