साहेब, आज बुक करताय ना?

कामोठ्यात राहणाऱ्याला गाडी कशाला लागते, असं पूर्वी बिनधास्त विचारता यायचं. खाली उतरलं की रिक्षा, पाच-दहा मिनिटांत मानसरोवर नाहीतर खांदेश्वर स्टेशन आणि पुढे हार्बर लाइन जिंदाबाद! पण जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. त्याच वर्षी डिसेंबरात नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडायला लागली. आता ऑफिसच्या चहाच्या टपरीवर एकच विषय. 'काय मग, कुठली घेतोयस?'

आणि मग उजाडतो तो शनिवार. वाशीपासून पनवेलपर्यंत शोरूमना काही तोटा नाही. काचेचा दरवाजा ढकलायचा, एसीची गार हवा घ्यायची आणि स्वप्नातल्या गाडीला हात लावायचा. इथपर्यंत सगळं मस्त. पुढे भेटतो तो टाय लावलेला माणूस. चांगला भेटला तर नशीब. नाहीतर खालीलपैकी एक ठरलेला.

पहिला 'स्कॅनर'. याची नजर आधी तुमच्या पायांकडे जाते. बूट असतील तर 'या सर', चप्पल असेल तर 'ब्रोशर तिकडे ठेवलंय'. दुसरा 'घाईगडबडे'. तुम्ही अजून डिकीही उघडलेली नसते आणि हा विचारतो, 'साहेब, आज बुक करताय ना? ऑफर आजच संपतेय.' तिसरा 'पोपट'. तुम्ही विचारता, पाच माणसं आणि सामान भरून घाट चढताना गाडी दमते का? तो म्हणतो, 'सर, सनरूफ आहे ना!'

चौथा प्रकार मुलींना चांगलाच माहीत असेल. माझी एक मैत्रीण, बँकेत नोकरीला. धाकट्या भावाला सोबत घेऊन शोरूममध्ये गेली. प्रश्न ती विचारतेय, उत्तरं भावाला मिळताहेत. ग्राउंड क्लिअरन्स भावाला, मायलेज भावाला, हप्ता भावाला. आणि तिला काय? 'मॅडम, कलर तुम्ही सिलेक्ट करा!' शेवटी ती शांतपणे म्हणाली, "गाडी माझी, हप्ता माझा, लायसन्सही माझंच. याला अजून स्कूटर चालवता येत नाही." आणि बाहेर पडली. पुढच्या आठवड्यात तीच गाडी, तोच रंग, दुसऱ्या डीलरकडून घेतली. तिथल्या पोराने आधी तिचं सगळं ऐकून घेतलं होतं, एवढंच.

यातला फंडा लक्षात घ्या. गाडी वेगळी आणि डीलर वेगळा. मॉडेल कंपनीचं असतं, शोरूम बहुतेक वेळा कुणा डीलरचं असतं. एका दुकानातला माणूस आवडला नाही म्हणून गाडी सोडायची गरज नाही. आणि गाडी आवडली म्हणून माणूस सहन करायचीही गरज नाही.

आता थोडं खोलात जाऊ. जानेवारी २०२२ मधली कर्नाटकातल्या तुमकुरूची बातमी आठवते? एक शेतकरी महिंद्राच्या शोरूममध्ये बोलेरो पिकअप बघायला गेला. खिशात दहा रुपये तरी आहेत का, असं सेल्समनने हिणवल्याची त्याची तक्रार होती. पठ्ठ्या तासाभरात दहा लाख घेऊन हजर झाला! व्हिडिओ देशभर फिरला, आनंद महिंद्रांना ट्विट करावं लागलं, कंपनीने माफी मागितली आणि काही दिवसांत गाडी त्याच्या दारात आली. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वाजवायलाच हव्यात. त्याला गाडी हवीच होती आणि पैसेही तयार होते.

पण आपलं काय होतं? आपल्यालाही कुणी 'हा कुठला घेणार' अशा नजरेने पाहिलं की आतून काहीतरी पेटतं. मग ते दाखवून द्यायला आपण बेसऐवजी टॉप व्हेरियंटवर बोट ठेवतो. नको असलेल्या सीट कव्हरना हो म्हणतो. तिथल्या तिथे कार्ड स्वाइप करतो. अपमान करणारा इन्सेंटिव्ह घेऊन जातो आणि आपण सात वर्षं हप्ते भरतो. 'सर, महिन्याला फक्त १,५०० जास्त' हे वाक्य ८४ हप्त्यांनी गुणा. १ लाख २६ हजार होतात, राव! एवढी महाग इज्जत कशाला विकत घ्यायची?

दुसरं टोक म्हणजे आपली मराठी भीड. त्याने दोनदा टेस्ट ड्राइव्ह दिली, कोल्ड कॉफी पाजली, आता नाही कसं म्हणायचं? भीड ही भिकेची बहीण, असं आपल्या आज्या उगाच म्हणत नव्हत्या.

समोरच्या माणसाचीही बाजू आहे. दिवसभर उभं राहायचं, डोक्यावर महिन्याचं टार्गेट आणि कमाईचा मोठा भाग इन्सेंटिव्हवर. पडून असलेला स्टॉक, इन्शुरन्स, अ‍ॅक्सेसरीज, लोन, हे सगळं त्याला खपवायचं असतं. तुम्हाला कुठली गाडी हवी, हा त्याचा प्रश्न नसतोच. तो तुमचा आहे. म्हणून उत्तर घरूनच घेऊन जा. एका कागदावर तीन गोष्टी लिहा. रोजचे किलोमीटर, ऑन-रोड बजेट आणि तुमच्या पार्किंगची मापं. हो, टेप घेऊन मोजा! कामोठ्यातल्या बिल्डिंगच्या स्टिल्टमध्ये दोन खांबांच्या मध्ये गाडी लावून दार उघडता आलं पाहिजे, नाहीतर सनरूफमधूनच बाहेर यावं लागेल.

पुढचा होमवर्क असा:

शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा. मधल्या वारी सकाळी जा. गर्दी कमी, लक्ष जास्त. भाव मात्र महिनाअखेरीला करा, तेव्हा टार्गेट त्याच्या मानेवर असतं.

टेस्ट ड्राइव्ह फक्त हायवेवर नको. सरळ रस्त्यावर सगळ्याच गाड्या भन्नाट पळतात. सेक्टरच्या आतल्या रस्त्यांवर, स्पीडब्रेकरवरून फिरवा आणि जमलं तर स्वतःच्या पार्किंगमध्ये लावून बघा. 'अलाउड नाही' म्हणाला तर मॅनेजरला विचारा.

कोटेशन तोंडी घेऊ नका. एक्स-शोरूम, रोड टॅक्स, इन्शुरन्स, फास्टॅग, अ‍ॅक्सेसरीज, सगळं वेगवेगळं लिहून मागा. आपल्या राज्यात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स आहे. म्हणजे ९ लाखांच्या गाडीला ९९ हजार. त्यापुढे 'हँडलिंग चार्जेस' दिसले तर ते नेमके कशाचे, हे विचाराच. इन्शुरन्स तिथूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरचे दोन कोट खिशात ठेवा. गाडी १० लाखांवर गेली की १ टक्का टीसीएस कापतात. तो रिटर्न भरताना वळता होतो, विसरू नका.

बुकिंगचे पैसे डीलरशिपच्या खात्यात भरा, सेल्समनच्या पर्सनल नंबरवर नाही. पावतीवर व्हेरियंट, रंग आणि बुकिंग रद्द केलं तर किती परत मिळणार, हे लिहून घ्या. ताबा घेण्याआधी गाडी उजेडात नीट बघा. फॉर्म २१ वर गाडी कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी बनली ते असतं, तेही तपासा.

तरी कुणी उद्धट वागलाच तर? आवाज चढवू नका. 'मला दुसरा एक्झिक्युटिव्ह द्या' हे सेल्स मॅनेजरला सांगायचं वाक्य आहे, भांडणाचं नाही. मॅनेजरही तसलाच निघाला तर कंपनीच्या कस्टमर केअरला तारीख-वेळेसह मेल टाका.

नुसत्या उद्धटपणावर केस उभी राहत नाही. पण बुकिंगचे पैसे अडकवले, जुन्या स्टॉकची गाडी नवी म्हणून माथी मारली, कोटेशनपेक्षा जास्त बिल लावलं, तर प्रकरण वेगळं. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे निभावलं नाही तर ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, डीलर कुठलाही असो. कामोठे रायगड जिल्ह्यात, म्हणजे आपला आयोग अलिबागला. पण तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. ५० लाखांपर्यंतचा व्यवहार जिल्हा आयोगाकडे चालतो आणि ५ ते १० लाखांच्या व्यवहारासाठी फी किती? २०० रुपये!

एक साधी कसोटी सांगते. विकण्याआधी जो तुमचे दोन प्रश्न ऐकून घेत नाही, तो विकल्यानंतर सर्व्हिसिंगच्या वेळी किती ऐकेल? उलट ज्याने 'थांबा मॅडम, माहीत नाही, विचारून सांगतो' म्हटलं आणि खरंच विचारून सांगितलं, त्याचं नाव लिहून ठेवा. चार मित्रांना सांगा. त्याचंही टार्गेट असतंच की!

तर मंडळी, येत्या शनिवारी शोरूमला जाताना कपड्यांचं टेन्शन घेऊ नका. चप्पल घातली तरी चालेल. फक्त तो तीन ओळींचा कागद घरी विसरू नका.